फ्युजन केंद्राची शेगडी: प्लाझ्मा तापवणारी यंत्रणा कागदावर कशी आखावी

आमच्याकडे रोडगे भाजतात तेव्हा घाई करणाऱ्याला कुणी गोवऱ्यांजवळ बसू देत नाही. जाळ मोठा केला की रोडगा बाहेरून करपतो आणि आत पीठ कच्चंच राहतं. जाळ खाली बसू द्यावा लागतो, मग त्या धगीत रोडगा आतपर्यंत शिजतो. प्लाझ्मा, म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटतील इतका तापलेला वायू. तो तापवण्याचं काम मला नेहमी याच्यासारखं वाटत आलं आहे. उष्णता किती घातली याला महत्त्व आहेच, पण ती नेमकी कुठे पोचली आणि तिच्यासाठी किती गोवऱ्या जाळल्या हे आधी विचारायचं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकल शिकवतो. गाव दारव्हा तालुक्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावातली इंजिनिअरिंगची पाच-सहा पोरं ओट्यावर जमतात आणि आम्ही एखादं अवघड यंत्र कागदावर उभं करतो. यंदा भविष्यातल्या फ्युजन वीजकेंद्राची, म्हणजे हलके अणुगर्भ जुळवून वीज काढणाऱ्या केंद्राची, प्लाझ्मा तापवण्याची यंत्रणा घेतली होती. लागलं काय? एक लॅपटॉप, एक स्प्रेडशीट आणि बारावीचं भौतिकशास्त्र. त्या कामातून जी पद्धत बसली ती इथे पायरीपायरीने देतो आहे. चुकलो तेही सांगतो, कारण चुका बहुतेक सगळ्यांच्या त्याच असतात.

आधी एक सूचना. हे कागदावरचं काम आहे. जुना मायक्रोवेव्ह उघडून "थोडं करून पाहू" असं कुणी म्हटलं तर त्याला उठवून द्या. त्यातल्या मॅग्नेट्रॉनला चार हजार व्होल्टच्या आसपास वीज लागते, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर जीव घेऊ शकतो.

पायरी १: मीटरपासून सुरुवात करा

पुस्तकं प्लाझ्माच्या तापमानापासून सुरू होतात. तुम्ही तसं करू नका. शेतकरी पीककर्ज काढताना आधी हंगामाचा हिशेब मांडतो, तसा वीजकेंद्राचा हिशेब आधी मांडा. तापवणारी यंत्रणा ही उधारी आहे. ती भिंतीतल्या सॉकेटमधून वीज घेते, आणि ती वीज तुमच्याच जनित्रातून वजा होते.

ड्यूटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड भावंडांची एक जोडी जुळली की १७.६ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा सुटते. त्यातले १४.१ न्यूट्रॉन घेऊन जातो आणि ३.५ अल्फा कणाकडे राहतात. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो. चुंबकीय पिंजरा त्याला अडवू शकत नाही, तो सरळ भिंतीतल्या ब्लँकेटमध्ये (जाड अस्तरात) जाऊन उष्णता देतो. अल्फा कण आतच फिरतो आणि प्लाझ्मा तापवतो. म्हणजे प्लाझ्माच्या वाट्याला आपल्याच आगीतला पाचवा हिस्सा येतो.

आम्ही धरलेलं यंत्र असं: टोकामॅक (मेदूवड्याच्या आकाराचा चुंबकीय पिंजरा), मोठी त्रिज्या ९ मीटर, अक्षावर चुंबकीय क्षेत्र ५.९ टेस्ला, फ्युजन शक्ती २००० मेगावॅट. युरोपात ज्या 'डेमो' केंद्राचा अभ्यास चालू आहे, त्याच आकाराच्या आसपासचं. पुढचे आकडे आम्ही गृहीत धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला. अल्फांचे ४०० मेगावॅट. न्यूट्रॉनचे १६००, ब्लँकेटमधल्या अभिक्रियांमुळे ते १.२ पट होतात असं धरलं तर १९२०. बाहेरून घातलेले ५०. एकूण उष्णता २३७० मेगावॅट. टर्बाइनने ३५ टक्के वीज केली तर ८३० मेगावॅट हाती येतात.

आता वजाबाकी. पंप, शीतकरण, चुंबक, ट्रिटियमचा कारखाना या सगळ्यांचे मिळून २०० धरा. तापवणाऱ्या यंत्रणेची भिंतीपासून प्लाझ्मापर्यंतची कार्यक्षमता ४० टक्के असेल तर ५० मेगावॅट आत घालायला १२५ मेगावॅट घ्यावे लागतात. उरले ५०५. कार्यक्षमता २५ टक्के निघाली तर तेच काम २०० मेगावॅट खातं आणि हाती ४३० राहतात.

हे १२५ मेगावॅट म्हणजे किती? पाच एचपीच्या मोटरी मोजा: साडेतेहेतीस हजार मोटरी एकाच वेळी चालू. कोळशाचं केंद्र आपल्या विजेतले सात-आठ टक्क्यांच्या आसपास स्वतःवर खर्च करतं. चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं केंद्र आमच्या पोरांनी सहलीत पाहिलेलं आहे, त्यामुळे हा आकडा त्यांना लगेच भिडला. आमचं कागदी केंद्र ८३० पैकी ३२५ स्वतःच खातं. म्हणून शेगडीच्या कार्यक्षमतेतला एकेक टक्का इथे भांडून घ्यायचा.

पायरी २: कामांची यादी लिहा, वेळेसकट

"प्लाझ्मा तापवायचा" हे एक काम नाही. आम्ही वहीत वेळेची आडवी रेघ ओढली आणि तिच्यावर कामं मांडली.

सुरुवातीला वायूत ठिणगी पाडायची. मग प्रवाह वाढवत नेताना तापवायचं. मग प्लाझ्माला चांगल्या बंदिस्तपणाच्या अवस्थेत ढकलायचं. तिला एच-मोड म्हणतात. १९८२ मध्ये जर्मनीतल्या अ‍ॅस्डेक्स यंत्रावर फ्रिट्झ वाग्नर यांच्या गटाला ही अवस्था सापडली. तापवण्याची शक्ती एका उंबरठ्यापलीकडे गेली की प्लाझ्माच्या कडेला जणू बांध घातला जातो आणि उष्णता आत टिकते. त्यानंतर आग धरून ठेवायची, चुंबकीय भोवरे उठले तर दाबायचे, गरज असेल तर प्रवाहही चालवायचा आणि शेवटी हळूहळू विझवायचं. विझवणं बहुतेक जण विसरतात. भरधाव बंडीचे बैल एकदम सोडता येत नाहीत, तसंच हे.

उंबरठ्याचा अंदाज घनता, क्षेत्र आणि प्लाझ्माच्या पृष्ठभागावरून निघतो. अनेक यंत्रांच्या नोंदींवर बसवलेलं सूत्र आमच्या आकाराला लावलं तर उत्तर शंभर मेगावॅटच्या आसपास आलं. म्हणजे आग धरून ठेवायला ५० पुरतात, पण चढावर काही मिनिटं १०० लागतात. यंत्रणा १०० ची बसवा, वीजबिल ५० चं धरा. हे दोन आकडे स्प्रेडशीटच्या एकाच घरात टाकाल तर पुढचं सगळं वाकडं जाईल.

आणखी एक गोष्ट इथेच ध्यानात घ्या. पूर्ण पेटल्यावर अल्फा ४०० मेगावॅट देतात, तुम्ही ५०. नवव्या हिश्श्याचा मालक सगळ्या वावराला वळण लावू शकत नाही. म्हणून त्या अवस्थेत बाहेरची शक्ती थोडी असली तरी नेमकी, हव्या त्या जागी पडणारी हवी.

पायरी ३: केंद्र अखंड चालवायचं की हप्त्याहप्त्याने?

इथे आमचं पहिलं गणित आपटलं.

टोकामॅकमध्ये प्लाझ्मातून कित्येक मेगाअँपिअर प्रवाह वाहतो. तो मधल्या सोलेनॉइडने ट्रान्सफॉर्मरसारखा घडवता येतो, पण ट्रान्सफॉर्मरला डीसी चालत नाही. सोलेनॉइडचा फ्लक्स संपला की थांबावं लागतं. अखंड चालवायचं तर प्रवाहही किरणांनी किंवा लहरींनी ढकलावा लागतो. त्याचा साधा हिशेब असा: घनता, त्रिज्या आणि ढकलायचा प्रवाह यांचा गुणाकार करा आणि पद्धतीच्या गुणांकाने भागा. घनता दर घनमीटरला १०²⁰ च्या ०.८ पट, त्रिज्या ९, प्रवाह १० मेगाअँपिअर, गुणांक ०.४. उत्तर आलं १८० मेगावॅट.

एका पोराने ते १८० मेगावॅट २५ टक्के कार्यक्षमतेने टाकले. भिंतीतून ७२० मेगावॅट. उष्णता २५००, वीज ८७५, वजा २००, वजा ७२०. उत्तर उणे ४५. तो दोन मिनिटं स्क्रीनकडे पाहत बसला आणि म्हणाला, "सर, हे तं आपल्यालेच वीज मागून राह्यलं!"

तेच १८० मेगावॅट ४० टक्के कार्यक्षमतेने टाकले तर केंद्र २२५ मेगावॅट देतं. एवढा फरक पडतो. आम्ही शेवटी दोन तासांच्या हप्त्यांचं केंद्र धरलं, मधे थोडी विश्रांती. युरोपच्या डेमो आराखड्यातही दोन तासांचा हप्ता धरलेला आहे. हप्त्याने चालणाऱ्या यंत्रात धातू सतत तापतो आणि निवतो, त्याचा थकवा वेगळा. पण उणे ४५ पेक्षा तो बरा. जर्मनीतल्या वेंडेलस्टाइन ७-एक्ससारख्या स्टेलरेटरमध्ये, म्हणजे पिळदार चुंबकांनीच पिंजरा बनवणाऱ्या यंत्रात, प्रवाह चालवायची कटकटच नसते. तो मार्ग निवडलात तर ही पायरी गाळा.

पायरी ४: यंत्राचे 'सूर' काढा

इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषेभोवती ठरावीक वेगाने गिरक्या घेतो: दर टेस्लाला २८ गिगाहर्ट्झ. आमच्या ५.९ टेस्लाला १६५ गिगाहर्ट्झ. त्याच सुरातली (वारंवारतेची) लहर पाठवली की इलेक्ट्रॉन ती पिऊन घेतो.

टोकामॅकमध्ये क्षेत्र आतल्या बाजूला जास्त आणि बाहेर कमी असतं, त्रिज्येच्या उलट प्रमाणात. म्हणून सूर बदलला की उष्णता पडण्याची जागा बदलते. १७० गिगाहर्ट्झचा जायरोट्रॉन (अशा लहरी काढणारी मोठी निर्वात नळी) तयार मिळतो, कारण फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या इटर या आंतरराष्ट्रीय फ्युजन यंत्रासाठी तोच घडवला गेला. त्याचा सूर ६.०७ टेस्लाला जुळतो. आमच्या यंत्रात ते क्षेत्र ८.७५ मीटरवर येतं, म्हणजे मध्यापासून २५ सेंटिमीटर आत. रोडग्याच्या पोटात धग पोचली. प्रवाह ढकलायला किरण तिरपा सोडावा लागतो आणि डॉप्लर परिणामाने जागा सरकते, म्हणून डेमोच्या अभ्यासात २०४ गिगाहर्ट्झचाही विचार होतो.

लगेच दुसरी तपासणी करा: लहर आत शिरते का? घनतेचा एक सूर असतो, त्याच्याखालच्या लहरी परावर्तित होतात. घनतेचं वर्गमूळ घ्या आणि सुमारे नऊने गुणा, उत्तर हर्ट्झमध्ये येतं. आमच्या घनतेला ८० गिगाहर्ट्झ. १७० त्याच्या बरंच वर आहे, वाट मोकळी.

आयनांचा सूर फार खालचा असतो. आमच्या क्षेत्रात ड्यूटेरियमचा ४५ मेगाहर्ट्झ, ट्रिटियमच्या सुराची दुप्पट ६०. म्हणजे एफएम रेडिओच्या थोडं खाली. इटरमध्ये ५.३ टेस्लाला यासाठी ४० ते ५५ मेगाहर्ट्झ ठेवले आहेत. हा हिशेब स्वतः करून पाहा, जुळतो.

पायरी ५: शेगडी निवडा

पहिली शेगडी फुकटची आहे. प्लाझ्मातला प्रवाहच तारेसारखी उष्णता देतो. पण प्लाझ्मा धातूच्या उलट वागतो: तापला की त्याचा रोध कमी होतो, तापमानाच्या दीडाव्या घाताने. दोन-तीन कोटी अंशांच्या पुढे ही शेगडी थंड पडते. आपल्याला दहा कोटींच्या पलीकडे जायचं आहे, इटरचं लक्ष्य १५ कोटी.

दुसरी, न्यूट्रल बीम. आयनांना विजेने वेग द्यायचा, मग त्यांचा विद्युतभार काढून त्यांना उदासीन करायचं, म्हणजे चुंबकीय पिंजरा ओलांडून ते आत जातात. इंग्लंडमधल्या जेट या टोकामॅकने १९९७ मध्ये १६ मेगावॅट फ्युजन केलं तेव्हा २४ मेगावॅट बाहेरून घातले होते. मोठ्या यंत्रात मध्यापर्यंत पोचायला कणाला दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास ऊर्जा हवी. एवढ्या वेगात धन आयन उदासीन होत नाहीत, त्यासाठी ऋण आयन लागतात. त्यांचा जास्तीचा इलेक्ट्रॉन अवघ्या ०.७५ इलेक्ट्रॉनव्होल्टने चिकटलेला असतो, टिचकी मारली की सुटतो.

इटरच्या एका इंजेक्टरचा हिशेब पाहा. ४० अँपिअर, दहा लाख व्होल्ट, म्हणजे ४० मेगावॅटचा आयनझोत. वायूतून जाताना त्यातले साठ टक्क्यांहून थोडे कमी उदासीन होतात, वाटेत आणखी गळती. प्लाझ्मात पोचतात १६.५ मेगावॅट. आमच्या पोरांनी पहिल्या फेरीत ४० हाच आकडा आत टाकला होता. वीजपुरवठ्याची घट आणि पंपांचा खर्च धरला की भिंतीपासूनची कार्यक्षमता तिसाच्या खालीच राहते. शिवाय स्रोतात सिझियम लागतं, आणि ते बदलायचं काम किरणोत्सारी झालेल्या यंत्राजवळ करावं लागतं.

तिसरी, आयनांच्या सुराची शेगडी. ट्रान्समीटर स्वस्त आणि कार्यक्षम, पण अँटेना प्लाझ्मापासून काही सेंटिमीटरवर ठेवावा लागतो. कडेची घनता हलली की भार बदलतो आणि शक्ती परत फिरते. न्यूट्रॉनच्या माऱ्यात तो अँटेना वर्षानुवर्षं ठेवायचा म्हणजे चुलीच्या तोंडात मोबाइल ठेवण्यासारखं आहे. चौथी, लोअर हायब्रिड, काही गिगाहर्ट्झची. प्रवाह ढकलायला उत्तम, पण गरम दाट प्लाझ्मात कडेलाच शोषली जाते. फ्रान्सच्या वेस्ट यंत्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये हिच्या जोरावर २२ मिनिटं प्लाझ्मा टिकवला, हे मात्र कबूल करायला हवं.

पाचवी, इलेक्ट्रॉनच्या सुराची, जायरोट्रॉनवाली. हिचा किरण हवेतून आरशांनी वळवता येतो, अरुंद भोकातून जातो, उगम प्लाझ्मापासून दूर वेगळ्या इमारतीत राहतो. वेंडेलस्टाइन ७-एक्स मुख्यतः १४० गिगाहर्ट्झच्या अशाच यंत्रणेवर चालतं. साखळी गुणून पाहा: उच्चदाब पुरवठा ०.९५, जायरोट्रॉन ०.५०, वाहिनी ०.९०, शेवटचा आरसा आणि शोषण ०.९५. गुणाकार ०.४१. मी गृहीत धरलेले ४० टक्के इथून आले. यातला खरा खड्डा जायरोट्रॉनमधला अर्धा आहे. कामावरून सुटलेल्या इलेक्ट्रॉनची उरलेली ऊर्जा टप्प्याटप्प्याने परत घेणारे कलेक्टर साधले तर हाच आकडा वर जाईल. संशोधनाचा पैसा तिथे जावा असं माझं मत.

माझा कौल: मुख्य शेगडी जायरोट्रॉनची, बीम नको. आयनवाली थोडी ठेवावी का यावर ओट्यावर वाद झाला, तो मिटलेला नाही.

पायरी ६: भिंतीतलं भोक

फ्युजन केंद्राला ट्रिटियम स्वतः पिकवावं लागतं. त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, निसर्गात ते जवळपास नाही, आणि २००० मेगावॅटचं केंद्र वर्षभर अखंड चाललं तर ११० किलोच्या वर लागतं. ते पिकतं ब्लँकेटमधल्या लिथियममध्ये. शेगडीसाठी पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे पेरणीतून गेलेला तुकडा. त्यामुळे दर चौरसमीटर भोकातून किती मेगावॅट आत जातात हा आकडा प्रत्येक पद्धतीसाठी काढा. बीमला रुंद सरळ नळ लागतो आणि त्याच सरळ वाटेने न्यूट्रॉन बाहेर धावतात. जायरोट्रॉनचा किरण आरशांवरून दोनदा वळवला की न्यूट्रॉनची सरळ रेघ तुटते. वावराच्या धुऱ्यावरचं पाणी वळवतो तसं.

आता खिडकी. जायरोट्रॉनच्या आत निर्वात पोकळी, प्लाझ्माकडे ट्रिटियम. दोन्ही जग वेगळी ठेवायची, पण मधून मेगावॅटची लहर जाऊ द्यायची. काच लावली तर तडकेल. म्हणून कृत्रिम हिऱ्याची चकती लावतात, वायूतून थराथराने वाढवलेली, साधारण दहा सेंटिमीटर व्यासाची. हिरा तांब्याच्या चार-पाच पट उष्णता वाहून नेतो.

त्या चकतीची जाडी १.८५ मिलिमीटर असते. का? पोरांना मी हा प्रश्न रात्रभर दिला. सकाळी उत्तर आलं. १७० गिगाहर्ट्झची हवेतली तरंगलांबी १.७६ मिलिमीटर. हिऱ्याचा अपवर्तनांक २.३८, म्हणून आत ती ०.७४ होते. अर्धी तरंगलांबी ०.३७, आणि ०.३७ चे पाच म्हणजे १.८५. जाडी अर्ध्या लांबीच्या पूर्ण पटीत असली की दोन्ही पृष्ठांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना खोडतात आणि परावर्तन नाहीसं होतं. शोषण किती? गणित करून मेगावॅटमागे पाचएकशे वॅट आले, कडेच्या पाण्याने ते निघून जातात. पण याचा उलटा अर्थही घ्या: ही खिडकी एकाच सुराची आहे. जायरोट्रॉनचा सूर थोडाथोडा बदलायचा असेल तर चकती तिरपी बसवावी लागते.

पायरी ७: वीजपुरवठा आणि पाणी

आमच्या गावात कृषीपंपाची थ्री-फेज रात्री दहाला यायची. सगळ्यांच्या मोटरी ऑटोवर. लाईन आली की त्या क्षणी सगळ्या एकदम उठायच्या. एका हिवाळ्यात असाच डीपी उडाला, नवा मिळेपर्यंत हरभऱ्याने मान टाकली. फ्युजन केंद्राचा अभियंता हीच चूक मेगावॅटमध्ये करू शकतो. चढाला १०० मेगावॅट आत म्हणजे भिंतीतून २५०. ते पायऱ्यापायऱ्याने चढवा, प्रत्येक जायरोट्रॉन काही सेकंदांच्या अंतराने. उलट बाजूही पाहा: प्लाझ्मा अचानक कोसळला तर हा सगळा भार एका क्षणात सुटतो आणि ग्रीडला झटका बसतो. फ्लायव्हील किंवा बॅटरी यासाठी आराखड्यात लिहा.

जायरोट्रॉनला पन्नासएक किलोव्होल्ट आणि काही दशक अँपिअर लागतात. नळीत ठिणगी पडली तर पुरवठा दहा मायक्रोसेकंदांत तोडावा लागतो, आणि ठिणगीत दहाएक जूलहून जास्त ऊर्जा जाऊ द्यायची नाही. आपल्या घरचा एमसीबी मिलिसेकंदांत विचार करतो, तो इथे उपयोगाचा नाही. सेमीकंडक्टर स्विचचे अनेक छोटे टप्पे एकावर एक रचून हे साधतात. या विषयात भारताचं काम आहे: इटरसाठी आयनसुराच्या शेगडीचे रेडिओ स्रोत आणि निदानासाठीचा न्यूट्रल बीम आपण देतो आहोत, आणि इटलीत पदुआच्या स्पायडर या चाचणी यंत्राच्या त्वरक जाळीचा उच्चदाब पुरवठाही भारतातून गेला. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत आदित्य १९८९ पासून आणि एसएसटी-१ त्यानंतर चालत आलं आहे. ज्याला या वाटेने जायचं त्याने तिकडच्या उन्हाळी योजनांवर लक्ष ठेवावं.

पाण्याचा हिशेब सोपा. १ मेगावॅट देणारा जायरोट्रॉन साधारण तेवढीच उष्णता कलेक्टरमध्ये टाकतो. पाणी २० अंश तापू द्यायचं तर सेकंदाला १२ लिटर. शीतमनोऱ्यासाठी कोणता महिना धरायचा? सगळी पोरं म्हणाली मे, ब्रह्मपुरीला पारा ४६-४७ वर जातो तेव्हा. चूक. घरचा कूलर आठवा. मेमध्ये तो गारवा देतो, जुलैत नुसता चिकचिकाट. मनोऱ्याला ओल्या फडक्याच्या थर्मामीटरचं तापमान भोवतं, आणि ते पावसाळ्यात जास्त असतं. मेमध्ये प्रश्न वेगळा असतो: बाष्प होऊन उडणारं पाणी आणायचं कुठून. दोन्ही महिने वेगवेगळ्या ओळीत मांडा.

पायरी ८: नग मोजा, बिघाड धरून

१०० मेगावॅट प्लाझ्मात हवे. वाहिनी आणि आरशांची घट ०.८५ धरली तर १ मेगावॅटचे ११८ जायरोट्रॉन. दहातला एक दुरुस्तीत धरला तर १३१. एवढ्या नळ्या, एवढ्या खिडक्या, एवढे पुरवठे. म्हणून जर्मनीत कार्लस्रूहला २ मेगावॅटच्या समाक्ष नळीवर काम चालतं. ती विश्वासाने चालली तर हा आकडा निम्मा होईल. निम्म्या नगांत एक बंद पडला की मात्र दुप्पट शक्ती जाते, हेही मोजा.

मग प्रत्येक नगासमोर तीन रकाने करा: बंद पडला तर प्लाझ्माचं काय, बदलायला माणूस जवळ जाऊ शकतो की रोबोट, आणि बदलायला किती तास. जायरोट्रॉन वेगळ्या इमारतीत असतो, तिथे माणूस जातो. शेवटचा आरसा भिंतीत असतो, तिथे कुणी जात नाही. म्हणून फिरणारे भाग, बेअरिंग, लवचिक नळ्या भिंतीपासून जितक्या मागे नेता येतील तितक्या न्या. भोवरे दाबायला किरण हलवावा लागतो, पण आरसा हलवण्याऐवजी सूर बदलून किंवा मागूनच किरण वळवून ते होतं का, हे आधी तपासा.

आमच्या स्प्रेडशीटमध्ये हा तिसरा रकाना अजून अर्धा रिकामा आहे. उणे ४५ वाल्या पोराने तो अंगावर घेतला आहे. सोयाबीन पेरून झालं की दर रविवारी संध्याकाळी लाईन असली तर तो लॅपटॉप घेऊन ओट्यावर येतो.